तुम्ही विचारलेत म्हणून: यंत्र दोन्ही बाजूंनी उभे का केले

सांगलीतल्या माझ्या कामाच्या खोलीत येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. मेहुण्यांनी अमेरिकेहून घरसामानासोबत आणलेल्या, उत्तम चालणाऱ्या शॉपस्मिथ मार्क फाइव्हला, म्हणजे एकाच मोटरीवर लाकडाची अनेक कामे करणाऱ्या यंत्राला, तुम्ही छिद्रे पाडून दोन्ही बाजूंनी उभे राहायला का लावले, आणि त्यावर एवढा अपघात घडल्यावरही ते पूर्ववत का केले नाही? आजवर मी दोन वाक्ये बोलून विषय बदलत आलो. आता एकदाच नीट सांगतो.

मूळ यंत्र एकाच बाजूने उभे राहते. उजव्या टोकाला त्याची बिजागरी आहे. डावे टोक उचलले की मोटरीचे धूड वर जाते, स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, खाली तोंड करतो आणि आपल्याला ड्रिल मिळते. भोके पाडण्यासाठी ते फार चांगले आहे. माझे काम मात्र देव्हाऱ्यांचे, आणि देव्हारा म्हटला की महिरपीच्या गोलाईवर कंगोरा आलाच. कटर वरून चालत असेल आणि लाकूड कणभर जरी उचलले गेले, तरी ते थेट कटरमध्ये घुसते, सागात खड्डा पडतो आणि तो तुकडा बाद होतो. तोच कटर टेबलाच्या खालून वर आलेला असेल तर उचललेले लाकूड त्याच्यापासून दूर जाते, छाट थोडी कमी बसते, आणि तुकडा पुन्हा एकदा फिरवला की राहिलेले निघून जाते. खालून कटर हवा, तर यंत्र उलट्या बाजूने, म्हणजे उजवे टोक वर करून, उभे राहायला हवे. माझे सगळे समर्थन एवढ्यावरच उभे आहे, आणि ते मी आजही मागे घेत नाही.

कल्पना माझी नव्हती. मार्क फाइव्ह 1953 चे. त्याच घराण्यात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क सेव्हन आले, ते दोन्ही बाजूंनी उभे राहत असे. कंगोरे पाडणारे वेगळे मोल्डर मशीन का घेतले नाही, तर दहा बाय बाराच्या खोलीत ते ठेवणार कुठे? राउटर, म्हणजे हातात धरून कड कोरायचे छोटे यंत्र, टेबलाखाली उलटा बसवता आला असता, हा आक्षेप मात्र खरा आहे. राउटर मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेतो. माझ्या यंत्रावर सर्वाधिक वेग 5200 लिहिलेला आहे, आणि अमेरिकेतल्या 60 हर्ट्झ विजेसाठी बांधलेली ती मोटर आपल्या 50 हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरमधून चालवली की साधारण 4300 च मिळतात. कड खरबरीत निघते आणि पॉलिश पेपर जास्त घासावा लागतो. हे मला तेव्हाही कळत होते. पण आपल्या हाताने केलेली दुरुस्ती चालते आहे, हे पाहण्याची ओढ त्याहून मोठी होती.

आता 2016 मधल्या अपघाताच्या त्या संध्याकाळविषयी. डाव्या टोकाला मी दहा मिलिमीटर जाडीच्या दोन पाट्या बसवून त्यांतून आरपार जाणारी पिन लेथवर करून घेतली होती, आणि उजवीकडची मूळची पिन काढता-घालता येईल अशी केली होती. डावी पिन पूर्ण बसवायची, मगच उजवी काढायची, असा क्रम होता. पण तो फक्त माझ्या डोक्यात होता, यंत्रात कुठेही नव्हता. मोटरीचे धूड मी डावीकडे सरकवून घट्ट केले, उजवी पिन काढली, आणि भाच्याला म्हणालो, "तू डावीकडचा पाय दाबून धर." तो म्हणाला, "मामा, धरलाय." मी उजवे टोक कमरेपर्यंत उचलले आणि डावीकडून खट् असा आवाज आला. त्या बाजूचे टोक पाट्यांतून निसटून पायाच्या ओतीव कडेवर आदळले, आणि मध्ये भाच्याच्या डाव्या हाताची अनामिका होती. मिरजेच्या रुग्णालयात तिचे वरचे पेर काढावे लागले.

रात्री परत येऊन मी पिन उचलून दिव्याखाली धरली. तिला सगळीकडे ग्रीस लावलेले होते, पण ते निम्म्याच लांबीवरून पुसले गेले होते. उरलेल्या निम्म्यावर माझ्या बोटांचे ठसे तसेच होते. म्हणजे पिन एकाच पाटीतून गेली होती. दुसऱ्या पाटीपर्यंत ती पोचलीच नव्हती, आणि ती बसवणारा मीच होतो.

तरीही दुसऱ्या दिवशी बहिणीला मी म्हणालो, "त्याने हात नको तिथे ठेवला." हात तिथे ठेवायला मीच सांगितले होते. त्या वाक्याची दुरुस्ती करायला मला दोन वर्षे लागली, आणि दुरुस्ती केल्यावरही ती ते वाक्य विसरलेली नाही. यंत्राच्या मूळ बांधणीत काहीही दोष नव्हता. दोष माझ्या पाट्यांत होता, आणि त्याहून अधिक माझ्या घाईत.

त्यानंतर आठ महिने यंत्र झाकून ठेवले. मग खालून एक लांब सरकती पट्टी बसवली. बसलेल्या पिनेचे डोके ती अडकवून ठेवते. उजवी पिन सोडवायची तर पट्टी डावीकडे सरकवावी लागते, आणि डावी पिन पुरती आत गेलेली नसेल तर तिचे डोके आडवे येऊन पट्टी सरकतच नाही. सात-आठशे रुपयांचे काम होते. ते आधी का सुचले नाही, असे मी स्वतःला विचारतो तेव्हा माझ्यातला जुना माणूस म्हणतो की, सुचायला काहीतरी घडावे लागते. हे मला पटत नाही. सरकत्या कडीचे तत्त्व घरच्या दारावरही असते. पण मग ते मला त्या संध्याकाळच्या आधी दिसले का नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

उलट्या स्थितीत भुसा थेट मोटरीच्या धुडावर पडतो, म्हणून स्पिंडलभोवती रबराची चकती घातली आहे. उजवे टोक आता मी एकटाच उचलतो, कोणालाही जवळ उभे करत नाही.

गेल्या दिवाळीत बहिणीने विचारले, "ते मशीन अजून तसं उभं करतोस?" मी हो म्हणालो. ती फराळाचे ताट उचलून आत गेली. त्या वेळी खोलीत तिच्याच सासरच्या देव्हाऱ्याची महिरप अर्धी झालेली होती.