पोल्काचा डावा हात

अ‍ॅकॉर्डियनवाल्याचा उजवा हात सगळे बघतात. असतोही तो बघण्यासारखा. पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांवरून सरसर पळतो, मध्येच हरकत घेतो, फोटोतही छान येतो. डावा बिचारा कातडी पट्ट्यात अडकलेला, भात्याच्या पलीकडे, खुद्द वाजवणाऱ्याच्याही नजरेआड. गायकामागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याकडे जेवढं लक्ष जातं, तेवढंच त्याच्याकडे. पण एखाद्या रिकाम्या दुपारी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडकडचा जुना पोल्का (युरोपातून आलेलं नाचाचं संगीत) लावावा आणि कान मुद्दाम खालच्या सुरांना द्यावा. एकदा ही खोड लागली की उजव्या हाताची करामत जरा पोरकटच वाटायला लागते.

पोल्का म्हणजे दोन मात्रांचा मामला. मात्रेवर खर्जाचा एक सूर, अर्ध्या मात्रेवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर. ऊम-पा, ऊम-पा. डाव्या हाताला त्यासाठी 120 बटनं दिलेली असतात, सहा-सहाच्या 20 तिरक्या ओळींत. प्रत्येक ओळीत आधी काउंटर बास (मूळ सुराला सा धरलं तर त्याचा ग), मग मूळ सूर, मग मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि डिमिनिश्ड असे चार जातींचे कॉर्ड. ओळींची मांडणी मोठी हुशारीची आहे: सा धरला तर वरच्या ओळीत प, खालच्या ओळीत म. लागणारं सगळं बोटाशी. 'सी' या पाश्चात्त्य सुराच्या बटनाला खळी असते, नाहीतर वर काचेचा खडा बसवलेला असतो. न बघता घर सापडावं म्हणून.

अनामिका सीवर, मधलं बोट सी मेजरवर, तर्जनी वरच्या ओळीतल्या 'जी' या सुरावर, पुन्हा मधलं बोट कॉर्डवर. झालं. शिकणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यात येतं आणि पुढची कित्येक वर्षं येत नाही. कारण चूक बोटांच्या जागेत नसते, बोट उचलण्यात असते. खर्ज जरासा रेंगाळला तर चालतो, कॉर्ड मात्र टेकवला की सोडायचा. कॉर्ड खर्जाएवढाच लांबला की ठेका चिखलात रुततो आणि नाचणाऱ्यांचे पाय जड होतात. दोष मग ढोलवाल्याला दिला जातो.

हे सगळं करताना तोच हात भाताही ओढत असतो. हवा चालू असताना वाक्याच्या मध्येच भात्याची दिशा बदलली तर सूर खचतो, म्हणून दर चार किंवा आठ आवर्तनांनी, श्वास घ्यावा तिथेच, वळायचं. मिनिटाला 120 मात्रा धरा. तीन मिनिटांच्या एका पोल्कात 360 खर्ज आणि 360 कॉर्ड. रात्रभरात असे वीस पोल्का झाले तर बटनं 14,400 वेळा दाबली जातात. मधले तीन मात्रांचे वॉल्ट्झ वेगळेच.

आपल्या कानाला या डाव्याची ओळख नसण्याचं एक कारण आहे. आपण अ‍ॅकॉर्डियन ऐकलं ते हिंदी सिनेमाच्या गाण्यांत, गुडी सिरवाई, पुण्याचे एनॉक डॅनियल्स अशा उस्तादांकडून. तिथे ठेक्याला ढोलक, बाँगो, गिटार अशी फौज हजर. अ‍ॅकॉर्डियनने दोन कडव्यांमध्ये यायचं, लाघवी काहीतरी बोलायचं आणि जायचं. ते काम उजव्याचं.

क्लीव्हलँडचा फ्रँकी यांकोविक (जन्म 1915) हा नावाजलेला पोल्कावाला, स्लोव्हेनियन आईबापांचा मुलगा. घरात गावाकडचे लोक भाड्याने राहायचे, त्यांच्यातल्या एकाकडून तो बटनांची पेटी शिकला. पियानोपट्ट्यांचं अ‍ॅकॉर्डियन नंतर आलं. दुसऱ्या महायुद्धात, बल्जच्या लढाईत, हिमदंशाने त्याचे हातपाय इतके बिघडले की डॉक्टर ते कापायला निघाले होते. याने नकार दिला. बोटं परत चालू केली तीही अ‍ॅकॉर्डियनवरच. 1948 मध्ये देशभर गाजला आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं त्याच दोन मात्रा वाजवत गावोगाव हिंडला.

ग्रॅमीने पोल्काला स्वतंत्र विभाग दिला तो 1986 च्या सोहळ्यात, पहिला मान यांकोविकलाच. 2009 नंतर विभाग बंद. त्या 24 सोहळ्यांत 18 वेळा हा पुरस्कार जिमी स्टर या बँडवाल्याने नेला, आणि तो वाजवतो क्लॅरिनेट नि सॅक्सोफोन! असो.

पेटीवाल्यांना या वाद्याच्या पोटात घर सापडतं, थोडं गोंधळलेलं. सूरपट्टी (रीड) तीच, पितळेऐवजी पोलादाची. पेटीत हवा एकाच दिशेने जाते, म्हणून एका सुराला एक पट्टी पुरते. इथे भाता ओढतानाही वाजायला हवं आणि दाबतानाही, म्हणून प्रत्येक सुराला दोन पट्ट्या, पाठीला पाठ लावून, आणि बहुतेकींवर चामड्याची झडप. खर्ज, दोन नर, एक मादी (खालच्या, मधल्या दोन आणि वरच्या सप्तकाच्या सूरपट्ट्यांचे चार संच) असं 41 पियानोपट्ट्यांचं वाद्य असेल तर एकट्या उजव्या बाजूला 328 सूरपट्ट्या होतात. त्यातला एक नर मुद्दाम किंचित चढा ठेवतात, त्याने सूर थरथरतो. आपल्याकडचा सूर लावणारा कारागीर हे ऐकून कानावर हात ठेवील.

या सूरपट्ट्या मेण आणि राळेच्या मिश्रणात बसवलेल्या असतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाद्य राहिलं की मेण मऊ पडतं आणि पट्टी जागा सोडते. फार जुनं मेण उलट कोरडं होऊन तडकतं. वाद्य महिनोन्‌महिने आडवं ठेवलं तर चामड्याच्या झडपा वळतात. मग सूर उशिरा उठतो आणि मागून फटफट आवाज येतो. म्हणून वाद्य खालच्या पायांवर उभंच ठेवावं. आतल्या फेल्टला (लोकरी कापडाला) कसर लागते. आणि डाव्या बाजूचं एखादं बटन आत जाऊन अडकलं तर चिमट्याने ओढू नये. आतल्या सळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक वाकली की सी मेजर दाबल्यावर भलताच सूर सोबतीला येतो.

120 बटनांचं वाद्य दहा-अकरा किलोंचं. डावा खांदापट्टा उजव्यापेक्षा थोडा आखूड ठेवला तर वजन डाव्या मांडीवर नीट बसतं, पण नाचाच्या हॉलमध्ये बसून वाजवायचं कोणाला असतं? साठीनंतर पाठ कुरकुरते, खांदा कुरकुरतो. मग घरचे 72 बटनांचं हलकं घ्या म्हणून मागे लागतात. हिशेबाने बरोबर आहे त्यांचं. त्यात बारा ओळी येतात आणि एका पोल्काला तीन-चार ओळींपलीकडे लागत नाही. बाकीच्या बटनांवर धूळच बसते. तरी म्हाताऱ्यांना 120 चंच हवं असतं. का, ते विचारू नये.