तिसऱ्या भोकाशी झटापट

अमेरिकन ब्लूज संगीतातला माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टर, त्याची १९५२ सालची धून 'ज्यूक' मी निम्म्या वेगाने लावून ऐकते आणि दर वेळी स्वतःवरच चिडते. सी पट्टीचा माउथ ऑर्गन घेऊन जी हा षड्ज धरायचा, म्हणजे झाला 'क्रॉस हार्प'. इथवर सोपं. खरा छळ तिसऱ्या भोकाचा. श्वास आत ओढला की शुद्ध गंधार. जीभ मागे नेऊन तोंडातली पोकळी बदलली की तोच सूर घसरतो: कोमल गंधार, मग शुद्ध रिषभ, मग कोमल रिषभ. ओढायची रीड (आतली धातूची पातळ पट्टी) गप्प होत जाते, फुंकायची बोलू लागते. ब्लूजला हवा असलेला गंधार मात्र शुद्ध आणि कोमलच्या मधे कुठेतरी लोंबकळत असतो. दोन वर्षं झाली, दहातून चारदा सापडतो.

वॉल्टर माइक आणि माउथ ऑर्गन ओंजळीत एकत्र घट्ट धरायचा. अँप्लिफायरमधून येणारा तो जाड, किंचित फाटलेला आवाज! मी सगळं श्रेय अँपला देऊन बसले होते. पण जिभेने मधली भोकं झाकून दोन्ही कडांनी सप्तक वाजवणं, ही अर्धी करामत तोंडातच आहे. ओव्हरब्लोबद्दल, म्हणजे फुंकून भोकाच्या नेहमीच्या सुरांपेक्षा वरचा सूर काढण्याबद्दल, विचारू नका. माझ्याकडून नुसती किंचाळी निघते.