तुम्ही विचारलंत म्हणून: डाइव्ह कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

कुणाचाही स्कूबा डायव्हिंगचा ॲडव्हान्स्ड कोर्स झाला की आठवड्याभरात मेसेज येतो. "ताई, डाइव्ह कॉम्प्युटर कोणता घेऊ? तुमच्याकडे कोणता आहे?" मी ब्रँड सांगत नाही म्हणून काहीजण दुखावतात. मला नाव लपवायचं नाही. पण नाव सांगितलं की पुढचं कुणी ऐकत नाही, आणि मला सांगायचंय ते सगळं पुढचंच आहे.

ते यंत्र मुळात पाण्याचा दाब आणि वेळ मोजतं. त्यावरून अंगात नायट्रोजन किती मुरला असेल याचा हिशेब मांडतं. तुम्ही रात्री किती झोपलात, पाणी किती प्यायलात, हे त्याला ठाऊक नसतं. हिशेबाची रीतही सगळ्या यंत्रांची एक नाही. एकाच डाइव्हला शेजारच्या दोन मनगटांवर दोन वेगळे आकडे दिसू शकतात. हे मी वाचलं होतं. समजलं अंदमानात, हॅवलॉकला.

तिसरा दिवस, दुसरी डाइव्ह, २४ मीटर. माझा कॉम्प्युटर जास्त सावध जातीचा होता. नो-डेकोची मिनिटं, म्हणजे वर येताना सक्तीने थांबावं न लागता खाली राहता येईल तेवढा वेळ, भराभर उतरत २ वर आली. मी गाइडला मनगट दाखवलं. त्याने स्वतःचं दाखवलं: ११. आणि ओकेची खूण केली. मीही ओके केलं. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, कारण मी ही गोष्ट नेहमी "गाइडने खालीच थांबवलं" अशी सांगत आले. त्याने मला धरून ठेवलं नव्हतं. खालच्या खडकाशी बॅराकुडांचा थवा फिरत होता आणि मला तो सोडवत नव्हता.

वर येताना माझ्या पडद्यावर ३ मीटरला ६ मिनिटं थांबायचं आलं. गाइडने ५ मीटरला ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे नेहमीचा खबरदारीचा थांबा, केला आणि वर जायची खूण केली. माझ्या सिलिंडरमध्ये अजून ६० बार हवा होती. थांबता आलं असतं. प्रवाह होता, वर बोट ताटकळत होती, बाकीचे निघाले होते. मी वर आले. कॉम्प्युटर ४८ तासांसाठी बंद पडला, नुसता खोली नि वेळ दाखवण्यापुरता उरला.

संध्याकाळी डावा खांदा दुखायला लागला. आत कुणी ओला टॉवेल पिळतंय तसा. सिलिंडर उचलून खांदा भरला असेल म्हणत मी क्रोसिन घेतली आणि झोपले. झोप कसली! दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. रात्रभर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पडद्यावरचा आकडाही सांगावा लागला असता. पहाटे बोटांना मुंग्या आल्या तेव्हा दार ठोठावलं. ऑक्सिजनचा मास्क, बोट, पोर्ट ब्लेअरचं दाबाचं चेंबर. १८ मीटर खोलीएवढ्या दाबाला नेऊन शुद्ध ऑक्सिजन, पावणेपाच तास.

मग सावध कॉम्प्युटर घ्या, असं मी त्यानंतर दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. आज तेवढं ठामपणे सांगवत नाही. डॉक्टर म्हणाले होते, पाणी कमी प्यायलात, झोप नाही, सलग तीन दिवस डाइव्ह. आकडा पाळूनही हे झालं असतं. मर्यादेत राहून बेंड्स, म्हणजे मुरलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊन होणारा हाच त्रास, झालेली माणसं आहेत. आणि तो गाइड त्याच पाण्यात होता, त्याला काहीच झालं नाही.

तरी विचारताच आहात, तर दुकानात एवढं बघा. आकडे चाळिशीशिवाय वाचता येतात का. बॅटरी तुम्हाला बदलता येते का, किंवा चार्जिंग किती डाइव्ह पुरतं. मर्यादा मोडली तर यंत्र काय करतं. एअर इंटिग्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा कॉम्प्युटरवरच दिसणं, नसलं तरी चालेल, हवेचं गेज आहे. आणि ट्रिपच्या मध्येच कॉम्प्युटर बदलू नका; नव्याला आधीच्या डाइव्ह माहीत नसतात. बडीचा, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराचा, बघून चालणार नाही, तो तुमच्यापेक्षा ३ मीटर वर असतो.

माझा आताचा कॉम्प्युटर ब्यूलमान नावाच्या हिशेबाच्या रीतीचा आहे, सावधपणा आपण ठरवायचा; आकडे जितके लहान तितका तो सावध. पुढच्या महिन्यात पुन्हा हॅवलॉक. परवा मी तो ३५/७५ वरून ४०/८५ वर नेला. रात्री उठून परत ३५/७५ केला. काल पुन्हा हातात घेतला होता.