कणसाला गेलेला तडा

"रुपयावरची ती रेघ म्हणजे ओरखडा आहे काका," मी लांबूनच म्हणालो. जुन्या नाण्यांच्या धंद्यात वीस वर्षं गेली की माणूस असा आगाऊ होतो. त्यातून आठवड्याला दोघं-तिघं वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं घेऊन 'लाखो मिळतात म्हणे' म्हणत येणारे!

हे काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी रुमालातून तीन रुपये काढून काउंटरवर ओळीने मांडले. स्टीलचा जुना मोठा रुपया, साल 2000, सालाखाली हिऱ्याची खूण, म्हणजे मुंबईची टांकसाळ.

"नख फिरवून बघा की."

फिरवलं आणि गप्प झालो. ओरखडा असता तर नख खाली गेलं असतं. इथे रेघ उठलेली होती. साच्याला भेग गेली की ठोकताना धातू तिच्यात शिरतो आणि नाण्यावर अशी रेघ उमटते. आम्ही त्याला डाय क्रॅक म्हणतो.

तिन्ही भिंगाखाली घेतली. पहिल्यावर, आकड्याच्या दोन बाजूंना असतात त्यातल्या उजव्या कणसाच्या टोकाशी, केसाएवढी रेघ. दुसऱ्यावर तीच, त्याच वळणाची, पण कणीस ओलांडून काठाकडे निघालेली. तिसऱ्यावर कणसाचा तुकडाच गायब, तिथे नुसता गुळगुळीत फुगवटा. साच्याचा कपचा उडाला होता. एकाच साच्याचं दुखणं या माणसाने तिकिटांच्या सुट्ट्या पैशांतून ओळीने लावलं होतं!

फुगवट्याबद्दल मात्र मनात शंका होती. डाख लावून केलेली 'दुर्मिळ' नाणी मी पाहिली आहेत. काट्यावर टाकलं, तिन्ही 4.85 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे असायला हवं तेवढंच. मग उलटं केलं. फुगवट्याच्या बरोबर मागे 'भारत'ची अक्षरं पुसट होती. साच्याला खड्डा पडला की धातू तिकडे धावतो आणि समोरच्या ठशाला तो पुरत नाही. वरून डाख लावणाऱ्याला हे काही साधत नाही.

मी आपणहून भाव सांगितला. काका हसले.

"विकायला नाही आणली. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधलं एक हवंय. रेघ काठाला टेकलेली, पण तुकडा अजून जागेवर. तुमच्याकडे आलं तर ठेवा."

तेव्हापासून स्टीलच्या रुपयांचा डबा मी नख फिरवत फिरवतच रिकामा करतो.