मुतखडा निघाला, पण डोक्यातून ती वही जात नाही

परवा पुन्हा त्या गिनी पिगच्या घरून फोन आला म्हणून हे लिहायला बसलेय, नाहीतर ही केस माझ्यापुरती बंद झाली होती.

चार वर्षांची मादी गिनी पिग. लघवी लाल होतेय आणि करताना किंचाळते म्हणून आई आणि साधारण दहा वर्षांचा मुलगा घेऊन आले होते. त्याआधी दुसरीकडे 'इन्फेक्शन' म्हणून औषध चालू होतं. बाटली बघितली आणि पोटात गोळा आला, अमॉक्सिसिलिन. कुत्र्या-मांजराला बिनदिक्कत देतो ते, पण गिनी पिगला तोंडावाटे दिलं की आतड्यातले चांगले जीवाणू मरतात, नको ते वाढतात आणि कधीकधी दोन-चार दिवसांत खेळ संपतो. ही गोष्ट माहीत नसताना या प्राण्याला अँटिबायोटिक लिहून देऊच नये, मग समोर कोणीही मोठा डॉक्टर असो. सुदैवाने शी पातळ झालेली नव्हती. औषध तिथल्या तिथे बंद केलं.

"खाते का?" विचारलं तर आई म्हणाली, "खाते की थोडंथोडं." मुलगा काही बोलला नाही, त्याने दप्तरातून वही काढली. रोज सकाळी काट्यावर घेतलेलं वजन, ग्रॅममध्ये. 942, 940, 931, 915, 889, 861. आणि लाल लघवी त्याने लिहिली होती 889 च्या दिवशी! म्हणजे रक्त दिसायच्या आधीपासून ती खाणं सोडत होती. लोक लाल डाग दिसला की धावत येतात, वाटी भरलेली राहिली तर मात्र दोन दिवस वाट बघतात, आणि या जीवाला मारते ती वाटीच. गिनी पिगचं पोट सतत चालतं राहावं लागतं, दिवसभर खाणं थांबलं तरी आतडं मंदावतं, गॅस धरतो, लिव्हरवर चरबी चढते.

एक्सरेमध्ये मूत्रमार्गाच्या तोंडापाशी साधारण पाच मिलिमीटरचा खडा, पांढराशुभ्र. यांचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात म्हणून एक्सरेत छान दिसतात. गिनी पिग खाण्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून टाकतो, त्यामुळे थोडी गढूळ पांढरट लघवी नॉर्मलच असते, पण हिला मोठी झाल्यावरही रोज भरपूर कॅल्शियमवाली लसूणघासच मिळत होती. पिल्लांना आणि गाभण मादीला ते ठीक, मोठ्याला साधं सुकं गवत हवं.

आता खरा प्रश्न. खडा त्याच दिवशी काढायचा की आधी तिला खायला घालायचं? थेंबथेंब लघवी येत होती, मूत्राशय टणक नव्हतं, म्हणून मी थांबले. पूर्ण अडकली असती तर थांबायचा प्रश्नच नव्हता. पण रिकाम्या पोटाने आणि घसरत्या वजनाने भूल द्यायचं धाडस मला झालं नाही. वेदनाशामक दिलं, कातडीखाली सलाईन दिलं, व्हिटॅमिन सी दिलं (ते यांच्या शरीरात बनत नाही, आपल्यासारखंच) आणि भरवायला बसले.

भरवणं हे सगळ्यात कमी लेखलं जाणारं काम आहे. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, चारही पाय टेकलेले, उताणं कधीच नाही. एक मिलीची सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूने घालायची, पाव-अर्धा मिली सोडायचं आणि चावून गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की फुप्फुसात जातं. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दिवसाला साधारण पन्नास मिली. आमच्या असिस्टंटने रात्री दोनचा आणि पाचचा फेरा एकट्याने केला, तेही न सांगता. पहाटे तिने आपणहून गवताची एक काडी ओढून चावली, ते बघून त्याने मला फोनच केला.

दुपारी भूल देऊन, भरपूर जेल लावून, बारीक चिमट्याने खडा बाहेर आला, चिरावं लागलं नाही. खरबरीत, कडेला टोकं. तो आत असताना ती रात्रभर बसून होती हे बघून मला वाईट वाटलं, अजून वाटतं. वेदना कमी होती का पुरेशी? तिला विचारता येत नाही.

सहाव्या दिवशी 893. लसूणघास बंद, पाणी दोन बाटल्यांत. तीन महिन्यांच्या एक्सरेत मूत्राशयात थोडी पांढरट धूळ दिसली, मी सांगितलं लक्ष ठेवा, हे परत होतं.

परवाचा फोन मुलाचा होता. "डॉक्टर, काल 931 होती, आज 918. लघवी लाल नाहीये. आणू का?"

मी म्हटलं, "आत्ताच घेऊन ये, आणि वही पण आण."