त्या फुलावर पतंग येऊन गेला होता

इलिनॉयमधल्या त्या जागेचं नाव मी लिहिणार नाही. ऑर्किड उपटून नेणारे लोक असतात, म्हणून आमच्या कामात ती शिस्तच आहे. शिकागोपासून गाडीने जाता येईल अशी पाणथळ प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान, एवढं पुरे. जून सरता सरता तिथे प्लॅटँथेरा ल्युकोफिया ही ऑर्किड फुलते. पांढरी, पाकळीला झालर असलेली. १९८९ पासून तिला कायद्याचं संरक्षण आहे. शेतीसाठी जमिनीखाली नळ्या घालून प्रेअरीतलं पाणी काढून टाकलं, तिथेच तिचा घात झाला.

आम्ही तिचं परागीभवन हाताने करतो. टूथपिक फुलाच्या तोंडाशी अलगद टेकवली की पिवळा परागपुंज चिकटून बाहेर येतो. तो लांबच्या दुसऱ्या रोपावर न्यायचा. एरवी हे काम हॉक मॉथ, म्हणजे मोठे निशाचर पतंग करतात. मधुरस फुलामागच्या लांबलचक नळीच्या तळाशी असतो, तिथवर त्यांचीच सोंड पोचते. मी साताऱ्याची, कासच्या पठारावरच्या हबेआमरी या ऑर्किडांनाही अशी नळी असते, म्हणून ही मला पहिल्यापासून घरचीच वाटली.

त्या दिवशी घोट्याएवढ्या चिखलात वाकले आणि थबकले. फुलातले दोन्ही परागपुंज गायब. सोबतच्या स्वयंसेवक बाईंनी तर अजून टूथपिकांची डबीही उघडली नव्हती. भिंग लावलं. शेजारच्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागावर, पिवळे कण चिकटलेले! चहूकडे मका आणि सोयाबीन, मध्ये हा एवढासा तुकडा. इथे पतंग येतो यावर आमच्यापैकी कुणाचा विश्वास उरला नव्हता. बाईंनी माझा हात घट्ट धरला. मला बोलताच येईना.

त्या फुलांना दोरा बांधून ठेवला. बाकीच्यांचं काम टूथपिकनेच केलं, कारण रोपं मोजकी असली की पतंग जवळच्या जवळच फिरतो आणि बी कमजोर निघतं. बीसुद्धा धुळीसारखं; मातीतली बुरशी भेटली तरच रुजतं, आणि फूल यायला पुढे कित्येक वर्षं.

कडेच्या झाडीतली रानद्राक्षाची वेल तेव्हा आमच्या तोडायच्या यादीत होती. या ऑर्किडवर येणाऱ्या काही हॉक मॉथच्या अळ्या द्राक्षवेलीच्याच पानांवर वाढतात. त्याच संध्याकाळी मी ती वेल यादीतून काढायला लावली.