पुढची तारीख

आज मावसबहिणीसोबत फॅमिली कोर्टात गेले होते. साडेदहाला बोलावलं, पुकारा झाला तीनला आणि चार मिनिटांत पुढची तारीख! संमतीनेच घटस्फोट आहे हो. सहा महिने थांबायलाच हवं असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय, पण ती सवलत मागायलाही अर्ज आणि तारीख आलीच.

वेळ जाईना म्हणून टोकियोतल्या मैत्रिणीला मेसेज केला. ती म्हणाली, इथे दोघं राजी असतील तर फॉर्म भरायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, पालिकेच्या कचेरीत दिला की झालं. मला हेवाच वाटला. मग कळलं, तिथे घटस्फोटानंतर मुलाचा ताबा कायद्याने एकाकडेच जायचा. २०२४ मध्ये कायदा बदलला. संयुक्त ताब्याची सोय १ एप्रिल २०२६ पासून. म्हणजे इतकी वर्षं झटपट सही करून कितीजण मुलांना दुरावले असतील?

जर्मनीचं मला पटतं. न्यायाधीश सहसा मुलाला स्वतः भेटून त्याचं ऐकतात, गरज पडली तर मुलाच्या बाजूने बोलायला वेगळा माणूस नेमतात.

हे सगळं वाचत असताना शेजारच्या बाकावर सात-आठ वर्षांची मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. बाबा आला तेव्हा तिने आधी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, मगच उठली. दप्तर मात्र बाकावरच ठेवून गेली.